स्क्रूच्या पायऱ्या लावून झाडावर चढताना: अमेरिकेत शिकारीला नव्याने निघालेल्यांसाठी

वीतभर लोखंडी कांब. एका टोकाला अणकुचीदार पेच, त्याचे आटे जाड आणि धारदार. दुसरं टोक वाकवून पाऊल मावेल एवढी आडवी दांडी केलेली. ही कांब झाडाच्या खोडात पिळून बसवायची, तिच्यावर पाय द्यायचा, पुढची बसवायची, आणि असं करत पंधरा-सोळा फुटांवरच्या मचाणापर्यंत पोचायचं. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या कितीतरी जणांच्या गॅरेजमध्ये अशा डझनभर पायऱ्या एखाद्या बादलीत पडलेल्या दिसतील. स्वस्त असतात, पाठीवरच्या पिशवीत मावतात. म्हणून नवा माणूस आधी ह्याच घेतो, आणि बऱ्याचदा कुणी न शिकवता चढायला लागतो.

मी दक्षिण मिशिगनमध्ये राहते आणि धनुष्यबाणाने शिकार करते. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, तेव्हा हे सगळं इथल्या मराठी मंडळींसाठी आहे. इकडे शिकार परवान्याने चालते. धनुष्याचा हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होतो, बंदुकीचा 15 नोव्हेंबरला. 1960 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला मिशिगनमध्ये शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम केल्याशिवाय नेहमीचा परवाना मिळत नाही. तो अभ्यासक्रम मन लावून करा. पण स्क्रूची पायरी लावायची कशी, हे झाडाशी उभं राहूनच शिकावं लागतं. मला ते कुणी शिकवलं असतं तर फार बरं झालं असतं.

माझ्या तिसऱ्या हंगामातली गोष्ट. ज्या शेतकरी आजोबांच्या रानात मी बसते, त्यांच्या कुंपणालगत ॲशचं एक सरळसोट झाड होतं. ऑक्टोबर उजाडला होता, पानं गळत आली होती, मी घाईत होते. पायऱ्या इतक्या सहज आत जात होत्या की मला बरंच वाटलं. एरवी ओकमध्ये एक पेच बसवताना मनगटं भरून येतात. सातव्या पायरीवर, दहाएक फुटांवर, सगळं वजन टाकलं आणि ती हळूच खाली झुकली. मोडली नाही, वाकली नाही, लोण्यातून सुरी निघावी तशी निघून आली. कमरेला झाडाभोवतीचा दोर होता म्हणून मी खालच्या पायरीवर अडकले. नडगी सोलली, बाकी काही नाही. खाली उतरून ती पायरी हातात घेतली तर आट्यांच्या खोबणींत कोरडी तपकिरी पूड भरलेली होती, बोटाने चोळली की पीठ व्हावं अशी. झाड आतून मेलेलं होतं. लोखंडात काही दोष नव्हता.

माणसाला धरून ठेवतं ते लाकूड, लोखंड नाही. म्हणून झाडापासून सुरुवात करते.

आधी परवानगी, मग झाड

सरकारी जमिनीवर ह्या पायऱ्या जवळपास विसरूनच जा. मिशिगनमध्ये सार्वजनिक जमिनीवर स्क्रूच्या पायऱ्या लावणं बेकायदा आहे. देशभरातल्या राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांमध्येही झाडात खिळे-स्क्रू मारून मचाण बांधायला, किंवा तसं मारलेल्या झाडावरून शिकार करायला मनाई आहे. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर त्या राज्याचं त्या वर्षीचं शिकारीचं नियमपुस्तक वाचा. नियम दरवर्षी छापले जातात आणि बदलतातही. सार्वजनिक जमिनीवर बसायचं असेल तर पट्ट्याने बांधायच्या पायऱ्या किंवा शिडीच्या काठ्या मिळतात, त्या घ्या. झाडाला भोक पडत नाही आणि हंगाम संपला की काढून नेता येतात.

खासगी जमिनीवर मालकाची परवानगी हवीच, आणि "मचाण बांधू का?" एवढं विचारून भागत नाही. "झाडात स्क्रू घालू का, आणि कुठल्या झाडात?" असं विचारा. कारण त्याच्या दृष्टीने उभं झाड म्हणजे बँकेतली ठेव असते. ब्लॅक वॉलनट, व्हाइट ओक, शुगर मेपल यांचे ओंडके चांगल्या भावाने जातात. खोडात लोखंड राहिलं तर करवतीचं पातं जातं, म्हणून लाकूड कापणारे असा ओंडका नाकारतात किंवा भाव पाडतात. आमच्या आजोबांनी मला बरोबर घेऊन रानातून फिरवलं आणि बोट दाखवून सांगितलं, "हे चालेल, हे नाही, आणि त्या वॉलनटला हातसुद्धा लावायचा नाही." त्या एका फेरीत मी जेवढी झाडं ओळखायला शिकले तेवढी पुस्तकातून शिकले नसते.

झाड ऑगस्टमध्ये निवडा. पानं असताना झाड जिवंत आहे की नाही हे शेंड्याकडे बघून कळतं. ऑक्टोबरच्या शेवटी सगळीच झाडं सारखी दिसतात. ॲश तर सोडूनच द्या. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चमकदार भुंगा 2002मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडला आणि तेव्हापासून त्याच्या अळ्यांनी सालीखाली बोगदे करून कोट्यवधी ॲश मारले आहेत. मेलेला ॲश उभा राहतो खरा, पण झपाट्याने ठिसूळ होतो. सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक भोकं दिसली, किंवा सुतारपक्ष्यांनी वरची साल सोलून खोड फिकट दिसायला लागलं असेल, तर त्या झाडाच्या खालूनही जपून जा. इतर झाडांतसुद्धा बुंध्याशी अळंब्यांच्या छत्र्या उगवल्या असतील, ढोली असेल, साल सुटत असेल तर पुढचं झाड बघा. मुठीने किंवा काठीने खोडावर ठोका मारून ऐका. घट्ट लाकूड ठक्क वाजतं, पोकळ खोड घुमतं.

खोड छातीच्या उंचीला साधारण दहा ते अठरा इंच जाड, सरळ, फांद्या कमी. कललेलं झाड नको. ओक आणि मेपल पेच छान धरतात, पण बसवताना घाम काढतात. हिकरी त्याहून कडक, आणि शॅगबार्क हिकरीची साल ढलप्यांसारखी लोंबत असते. पेचाचा अर्धा भाग त्या सालीतच जातो आणि साल काहीच धरत नाही. कॉटनवूड, पॉपलर ही मऊ झाडं. त्यांत पायरी चटकन बसते आणि तितक्याच चटकन सैल होते.

ओकबद्दल एक तारीख लक्षात ठेवा. मिशिगनमध्ये 15 एप्रिल ते 15 जुलै या काळात ओकला जखम करायची नाही. ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग आहे; ताज्या जखमेच्या वासाने येणारे भुंगे त्याचे बीजाणू घेऊन येतात. लाल ओक असेल तर एका उन्हाळ्यात झाड जातं, आणि मुळं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे शेजारचे ओकही त्याच वाटेने जातात. वसंतात उत्साहाने मचाणाची तयारी करायला निघालेल्या नवख्याने हे माहीत नसताना दहा-बारा भोकं पाडली तर आजोबांचा अर्धा ओकवन जाऊ शकतो. कधी चुकून ओकला जखम झालीच तर त्याच क्षणी त्यावर रंग फासा.

आणि खोडावर चढलेल्या वेली बघा. केसाळ, तपकिरी, दोरखंडासारखी वेल दिसली तर ती पॉयझन आयव्ही. पानं तीन-तीनच्या जुडग्याने असतात, पण पानं गळल्यावरही वेलीतला चीक तसाच राहतो. कोकणातल्या माणसाला एका वाक्यात समजेल: ही बिब्ब्याच्या आणि काजूच्याच कुळातली. बिब्बा उतलेला ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. तिच्यातून पेच घालू नका आणि तिच्यावर दोरही घासू देऊ नका, नाहीतर तो दोर वर्षभर अंगाला खाज आणत राहील.

सामान

पायऱ्या दोन तऱ्हेच्या मिळतात. एक सलग कांबेची, दुसरी घडीची. घडीची पिशवीत बरी बसते, पण तिच्या सांध्याची खीळ सैल झाली आहे का हे दर हंगामात बघावं लागतं. मी सलगच वापरते. वेष्टनावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. त्यात तुमचं वजन, हिवाळी कपडे, बूट, पिशवी सगळं धरा. पंधरा-सोळा फुटांच्या मचाणाला मला पंधरा पायऱ्या लागतात.

एक गिरमिट जवळ ठेवा. हाताने फिरवायचं लहान गिरमिट असलं की कडक लाकडात सुरुवातीचं भोक पाडता येतं आणि पेच सरळ जातो. भोक पेचाच्या गाभ्यापेक्षा बारीक हवं, नाहीतर आटे काय धरणार?

आणि पूर्ण अंगाचा हार्नेस: छाती, खांदे, दोन्ही मांड्या. नुसता कमरेचा किंवा छातीचा पट्टा वापरू नका. पडलात तर तोच पोट आणि बरगड्या आवळतो, श्वास घेता येत नाही. हार्नेसवर बनवणाऱ्याने मुदत लिहिलेली असते, ती पाळा. याशिवाय दोन दोर: एक लाईनमनचा, म्हणजे विजेच्या खांबावर चढणारा वायरमन कमरेपासून खांबाभोवती घेतो तसा, आणि दुसरा मचाणाच्या वरपासून बुंध्यापर्यंत सोडायचा जीवनदोर. सह्याद्रीत ज्यांनी एखाद्या गिर्यारोहण संस्थेबरोबर सुळका चढलाय त्यांना कॅराबिनर (उघडझाप करता येणारं धातूचं कडं) आणि प्रुसिक गाठ हे शब्द ओळखीचे असतील. इथेही तीच गाठ आहे: मोकळी असताना दोरावर सरकते, झटका बसला की आवळते.

पायऱ्या लावणं

हे काम हंगामाच्या आधी, दिवसाउजेडी, कोरड्या हवेत, आणि कुणाला तरी बरोबर घेऊन करा. पहाटे अंधारात शिकारीच्या दिवशी पायऱ्या लावायला निघू नका.

हार्नेस जमिनीवरच घाला. लाईनमनचा दोर खोडाभोवती घेऊन दोन्ही बाजूंनी कमरेच्या कड्यांत अडकवा आणि मागे रेलून बघा. तो तुमचं वजन घेतो आहे अशी खात्री झाली की दोन्ही हात मोकळे होतात. पेच पिळायला दोन्ही हात लागतातच, त्यामुळे हा दोर नसेल तर पायऱ्या लावायच्याच नाहीत.

पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीला. पेचाचं टोक सालीवर टेकवा, तळहाताने जोर देत घड्याळाच्या दिशेने फिरवा. पहिले दोन-तीन फेरे जड जातात. टोक लाकडात घुसलं की कांबेचीच दांडी तरफेसारखी धरून फिरवत राहा. बाहेरचं टोक केसभर वर असू द्या, म्हणजे पाऊल खोडाकडे सरकतं, बाहेर नाही.

पेच पुरता आत गेला पाहिजे. कांबेचा उभा भाग खोडाला घट्ट टेकला पाहिजे, मध्ये बोटाचं नखही जाता कामा नये. फट राहिली की सगळं वजन पेचाच्या मानेवर येतं. बऱ्याचदा असं होतं की पायरी घट्ट बसते, पण दांडी तिरकी किंवा उलटी राहते. तेव्हा अर्धा फेरा मागे घ्यावासा वाटतो. घेऊ नका. मागे घेतलेला पेच सैल होतो. जोर लावून पुढेच फिरवा, दांडी सरळ येईपर्यंत. आणि फिरवताना हाताला लाकडाचा विरोध जाणवत राहिला पाहिजे. मध्येच पेच हलका झाला, सुळकन आत गेला, तर थांबा. आत कुजलेलं आहे. त्या ॲशने मला हेच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

पायऱ्या डावी-उजवी अशा आलटून पालटून, दोन रांगांत, वितभर-सव्वा वितीचं अंतर ठेवून लावा. दोन सलग पायऱ्यांमधलं उभं अंतर बरेच जण अठरा इंच ठेवतात. माझी उंची पाच फुटांच्या जरा वर आहे. मला चौदा इंचच सोयीचे पडतात. जाड बूट आणि दोन विजारी घालून गुडघा किती उचलतो ते घरीच मोजा. पाय ताणून शोधावा लागणारी पायरीच शेवटी घात करते. प्रत्येक पायरी बसली की आधी हाताने झोंबून, मग एका पायाने हळूहळू वजन देऊन बघा, दुसरा पाय खालच्या पायरीवर असतानाच. लाईनमनचा दोर दर पायरीला वर सरकवत राहा, तो कमरेच्या खाली लोंबू देऊ नका. वाटेत फांदी आली तर दोर सोडून वर घेण्याआधी दुसरा पट्टा फांदीच्या वर खोडाला बांधून त्यात स्वतःला अडकवा, मगच पहिला सोडा.

मचाणाच्या पातळीला थांबू नका. त्याच्या वर आणखी तीन पायऱ्या लावा. हे मी सगळ्या नवख्यांना हात धरून सांगते, कारण झाडावरून पडायचा मोठा धोका चढताना-उतरताना आणि मचाणावर पाऊल टाकताना असतो. मचाण खालून हाताने पकडून अंग वर ओढायचं नसतं. मचाणाच्या थोडं वर चढायचं, हाताने वरच्या पायऱ्या धरायच्या आणि पाय खाली मचाणावर टेकवायचा.

जीवनदोर आणि चढणं

मचाण लावून झालं की त्याच्या वर, उभं राहिल्यावर डोक्याच्या उंचीला, जीवनदोर खोडाला घट्ट बांधा आणि खालचं टोक बुंध्याशी बांधून टाका. यापुढे प्रत्येक वेळी क्रम एकच: जमिनीवर उभं असतानाच हार्नेसचा कॅराबिनर प्रुसिक गाठीत अडकवायचा, चढताना गाठ वर ढकलत न्यायची, नेहमी डोक्याच्या आसपास, आणि पुन्हा जमिनीवर पाय टेकेपर्यंत तो कॅराबिनर उघडायचा नाही. वर बसल्यावर हार्नेस आणि दोर यांच्यात ढील राहता कामा नये. लहान पडणं आणि मोठं पडणं यात फरक त्या ढिलीचाच असतो. शिवाय स्क्रूच्या पायऱ्यांना एक वाईट खोड आहे: पडताना खालच्या दांड्या अंगात शिरतात. म्हणून दोन फूटही पडायचं नाही.

चढताना तीन अवयव झाडावर हवेत: दोन हात एक पाय, किंवा दोन पाय एक हात. पायरीवर चवडा नको, पावलाच्या मध्यावर, खोडाच्या जवळ वजन द्या. बुटाच्या तळाचा चिखल आधी खरवडा. नोव्हेंबरमध्ये सकाळी दांड्यांवर काचेसारखा पातळ बर्फ बसतो, बॅटरीच्या उजेडात दिसतही नाही. हातमोज्याने पुसून बघा, आणि फार असेल तर त्या दिवशी खालीच बसा.

हातात काही घेऊन चढायचं नाही. धनुष्य एका दोरीला बांधून खाली ठेवा, बाण टोकं झाकलेल्या भात्यात, आणि वर जाऊन स्वतःला बांधून घेतल्यावर दोरीने ओढून घ्या. बंदूक असेल तर गोळ्या काढलेली, नळी खाली. आणि ती दोरी पायऱ्यांच्या बाजूला नको. तुम्ही पडलात तर हत्यारावर पडता कामा नये.

हार्नेसने पडणं अडवलं तरी लटकून राहणं सुरक्षित नाही. मांड्यांचे पट्टे आवळून पायांतलं रक्त तिथेच साचतं आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. हार्नेसबरोबर एक जास्तीचा पट्टा येतो. त्याचा फास करून त्यात पाय घालून उभं राहायचं असतं. तो कुठल्या खिशात आहे हे हाताला पाठ हवं. घरच्या अंगणात, जमिनीपासून फूटभर वर, कुणी जवळ असताना एकदा लटकून पट्ट्यावर उभं राहून बघा. फोन छातीच्या खिशात, पाठीवरच्या पिशवीत नाही. कुठल्या झाडावर बसणार आणि किती वाजता परत येणार हे घरी कागदावर लिहून ठेवा. मी फ्रिजवर लावते.

आधीच्या कुणीतरी सोडलेल्या पायऱ्या एखाद्या झाडात दिसतील. चढू नका, कितीही घट्ट वाटल्या तरी.

हंगाम संपल्यावर

आमच्याकडे गुहागरला पाडेली माडावर चढतो तो खोडात कोयत्याने पाडलेल्या खाचांवर पाय देत. त्या खाचा माडाला जन्मभर राहतात, कारण माडाच्या खोडाला सालीखाली वाढणारा थर नसतो. ओक-मेपलला तो असतो. ही झाडं जखम बरी करत नाहीत, पण ती आतून कोंडून टाकतात आणि वरून नवं लाकूड चढवतात. पायरी दोन-तीन वर्षं तशीच ठेवली तर झाड तिच्यावरूनच वाढतं, दांडीची मान गिळतं, आणि मग ती निघत नाही.

म्हणून दर जानेवारीत पायऱ्या काढते. वरून खाली, लाईनमनचा दोर लावून, लावल्या होत्या तितक्याच काळजीने. भोकात मेण, सिमेंट, लाकडाचा खुंटा काही भरत नाही. उघडं राहिलेलं भोक झाड स्वतः बंद करतं. पुढच्या वर्षी त्याच भोकात पेच बसत नाही, तिथलं लाकूड सैल आणि ओलं झालेलं असतं. हातभर बाजूला नवं भोक पाडावं लागतं. पाच-सहा वर्षांत एका झाडाला किती भोकं होतात याचा हिशेब केला, तेव्हापासून चांगल्या झाडांवर मी पट्ट्याच्या पायऱ्या वापरते आणि स्क्रूच्या पायऱ्या कुंपणावरच्या बॉक्सएल्डरसारख्या, आजोबांना ज्यांची पर्वा नाही अशा जिवंत आणि घट्ट झाडांपुरत्या ठेवल्या आहेत.

काढलेल्या पायऱ्या पिशवीत टाकताना मोजते. पंधरा लावल्या होत्या, पंधराच निघाल्या पाहिजेत. एकदा चौदा भरल्या. दिवस मावळत होता, गुडघाभर बर्फ होतं, तरी बॅटरी लावून खोडावर खालपासून वरपर्यंत शोधलं. पंधरावी मचाणाच्या मागच्या बाजूला होती, पिशवी टांगायला मीच लावलेली. ती काढली, आटे पुसले, आणि मग घरी गेले.